संख्याशास्त्रज्ञाची सनद

वैद्यक, वकिली, लेखापरीक्षण आणि विमागणित या व्यवसायांत उतरणाऱ्या माणसाचे नाव आधी एखाद्या अधिकृत नोंदवहीत चढावे लागते, आणि ते नाव तेथून खोडले गेले की त्याला तो व्यवसाय करता येत नाही. संख्याशास्त्राच्या बाबतीत अशी सक्ती बहुतेक कोणत्याच देशात नाही. रोगाच्या साथीचा अंदाज, औषधाची परिणामकारकता, पिकाचा उतारा, दारिद्र्याचे प्रमाण अशा अनेक निर्णायक गोष्टी संख्याशास्त्रज्ञाच्या हिशोबावर ठरत असल्या, तरी स्वतःला संख्याशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यास कोणालाही कायद्याची आडकाठी नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी काही देशांतील संख्याशास्त्रीय संस्थांनी व्यावसायिक मान्यतेची पद्धत उभी केली. व्यावसायिक मान्यता म्हणजे परवाना नव्हे. परवान्यावाचून काम करणे हा गुन्हा ठरतो, मान्यतेवाचून तो ठरत नाही. एखाद्या व्यक्तीचे शिक्षण, अनुभव आणि आचरण तपासून, ती या कामास योग्य आहे अशी ग्वाही तिच्याच क्षेत्रातील जाणकारांनी देणे, एवढाच मान्यतेचा अर्थ आहे. ही ग्वाही देण्यास जगातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एकीला जवळपास १६० वर्षे लागली, आणि तीही मुख्यतः बाहेरच्यांच्या रेट्यामुळे दिली गेली. भारतात या घटनांचा क्रम जवळजवळ उलटा राहिला.

लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी मार्च १८३४ मध्ये स्थापन झाली. गणिती चार्ल्स बॅबेज, लोकसंख्येच्या सिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेले टॉमस माल्थस, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड जोन्स आणि बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ अडोल्फ केतले यांच्या प्रेरणेतून ती उभी राहिली. मतमतांतरे टाळून केवळ वस्तुस्थिती गोळा करावी, असे बंधन तिने आरंभीच स्वतःवर घालून घेतले होते. गव्हाची पेंढी हे तिचे पहिले बोधचिन्ह होते आणि तिची मळणी इतरांनी करावी अशा आशयाचे लॅटिन ब्रीद त्याखाली होते. संख्याशास्त्र म्हणजे आकडे जमवणे, त्यांतून अनुमान काढणे नव्हे, अशी ही समजूत होती, आणि तिच्यात संख्याशास्त्रज्ञाच्या वेगळ्या पात्रतेला जागाच नव्हती. आकडे कोणीही सज्जन, चौकस आणि सवड असलेला गृहस्थ जमवू शकतो, असे गृहीत धरले गेले होते. संस्थेचे आरंभीचे आधारस्तंभ असलेले जॉर्ज पोर्टर व्यापारातून सरकारी सांख्यिकी खात्यात आले होते, तर मृत्यूंच्या नोंदींचे शास्त्र घडवणारे विल्यम फार हे वैद्य होते.

या संस्थेच्या संस्थापक सभासदांतील एकाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध लढला, आणि त्यानंतर सात वर्षांनी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याची ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ या पदावर नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांतील लोकसंख्या, वतने, जमीनधारा, पिके, पाऊस आणि पशुपक्षी यांची माहिती त्याने अनेक वर्षे हिंडून जमवली. काटकसरीच्या धोरणात १८२९ च्या अखेरीस त्याचे पद रद्द झाले, तरी त्याने काही काळ ते काम चालूच ठेवले. दख्खनच्या माळरानावरचा एक चंडोल पक्षीनिरीक्षकांमध्ये आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या आकड्यांना मात्र इतके आयुष्य लाभले नाही. साइक्स पुढे १८६३ ते १८६५ या काळात लंडनच्या त्याच सोसायटीचा अध्यक्ष झाला. पदाच्या नावातच ‘स्टॅटिस्टिकल’ हा शब्द असलेल्या या माणसाला त्या कामासाठी लष्करी शिस्त आणि निसर्गप्रेम यांपलीकडे कोणत्याही औपचारिक पात्रतेची गरज पडली नव्हती, आणि त्या काळी ते कोणाला खटकलेही नाही.

ते खटकायला हवे होते, याचा पुरावा मात्र त्याच प्रदेशात त्याच सुमारास मिळत होता. हेलीबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात माल्थस यांच्याकडे शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे भागाची जमीन-पाहणी करत होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न मोजावे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवावा, अशी त्याची योजना होती. सिद्धान्त म्हणून ती निर्दोष होती. परंतु प्रत्यक्ष मोजणी ज्यांच्या हाती होती, त्या खालच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी अचूक आहेत की नाहीत, हे पडताळण्याची व्यवस्था तिच्यात नव्हती. चुकीच्या आणि खोट्या नोंदींवर आधारलेला सारा शेतकऱ्यांना पेलला नाही, आणि काही वर्षांतच ती पद्धत मोडीत काढून १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विन्गेट या अधिकाऱ्यांना नव्याने आरंभ करावा लागला. आकडा कोणी घेतला आणि त्याची तेवढी पात्रता होती का, या प्रश्नाची किंमत दख्खनच्या कुणब्याने रोख मोजली होती.

लंडनच्या सोसायटीने तो प्रश्न बराच काळ स्वतःला विचारलाच नाही. संख्यांवर जगणाऱ्या ज्या एका वर्गाने तो लवकर विचारला, तो म्हणजे विमागणिती किंवा ॲक्चुअरी. मृत्यूच्या प्रमाणांवरून विम्याचा हप्ता ठरवणाऱ्या या लोकांनी १८४८ मध्ये लंडनमध्ये आणि १८५६ मध्ये स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या वेगळ्या संस्था काढल्या, सभासदत्वासाठी परीक्षा लावल्या आणि १८८४ मध्ये लंडनच्या संस्थेला राजसनदही मिळवून दिली. हप्ता चुकला तर कंपनी बुडते आणि विधवांचे पैसे जातात, त्यामुळे येथे पात्रतेचा आग्रह धरणारे ग्राहक आणि संचालक दोघेही होते. स्टॅटिस्टिकल सोसायटीला राजसनद १८८७ मध्ये मिळाली आणि ती ‘रॉयल’ झाली; पण त्या सनदेमुळे तिच्या सभासदांच्या पात्रतेत काहीही भर पडली नाही. सभासदाची शिफारस झाली, निवड झाली आणि वर्गणी भरली की तो फेलो होई. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५८ मध्ये तिच्या पहिल्या महिला फेलो झाल्या, त्या त्यांच्या कर्तृत्वामुळे; पण त्याच यादीत केवळ हौसेने आलेले बँकर, पाद्री आणि संसद-सदस्यही होते. नावापुढे लावता येणारी ‘एफ. एस. एस.’ ही अक्षरे पात्रतेची खूण आहेत असा बाहेरच्यांचा समज होई, आणि तो समज दूर करण्याची घाई फेलोंपैकी फारशा कोणाला नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी विषयच बदलला. कार्ल पिअर्सन यांनी १९११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उपयोजित संख्याशास्त्राचा विभाग सुरू केला. गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी थोड्या निरीक्षणांवरून अनुमान कसे काढावे हे ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये दाखवले, आणि रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून रॉथमस्टेडच्या शेती-केंद्रात प्रयोगांच्या आखणीचे शास्त्र घडवले. संख्याशास्त्रज्ञ आता पेंढी आणून देणारा राहिला नाही, मळणीही तोच करू लागला. सोसायटीने १९३३ मध्ये औद्योगिक आणि शेती संशोधनाचा स्वतंत्र विभाग काढून या बदलाची दखल घेतली. दुसऱ्या महायुद्धाने मागणी एकदम वाढवली. दारूगोळ्याच्या कारखान्यांत गुणवत्ता-नियंत्रण, म्हणजे उत्पादनातील थोडे नग तपासून संपूर्ण लॉट स्वीकारावा की नाकारावा हे ठरवण्याची रीत, सर्रास वापरली जाऊ लागली. लष्करी आणि सरकारी कचेऱ्यांत आकडेमोड करणारी तरुण माणसे मोठ्या संख्येने भरती झाली, त्यांतील अनेकांनी काम करता करताच विद्या संपादन केली, आणि युद्ध संपल्यावर ती नोकरीच्या बाजारात उतरली तेव्हा आपल्याला हे काम येते असे सांगणारा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता.

या मंडळींची मागणी अशी होती की, सोसायटीने परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यावे. सोसायटी त्यास राजी नव्हती, आणि तिच्या नाखुशीत तथ्य अजिबात नव्हते असे म्हणता येत नाही. विद्वत्सभेचे काम निबंध वाचणे आणि त्यांवर निर्भीड वाद घालणे हे असते. परीक्षा घेणारी संस्था अभ्यासक्रम ठरवते, अभ्यासक्रम मताला आकार देतो, आणि त्या काळी तर एका बाजूला फिशर आणि दुसऱ्या बाजूला संख्याशास्त्रज्ञ नेमन व कार्ल पिअर्सन यांचे पुत्र ईगन यांच्यात अनुमानाच्या पायाविषयीच तीव्र मतभेद होते. कोणत्या पंथाचे उत्तर बरोबर मानायचे, हा प्रश्न परीक्षकाला टाळता आला नसता. तरीही या नाखुशीत वर्गीय छटा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोठ्या विद्यापीठांतून आलेल्यांना प्रमाणपत्राची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांचा सोसायटीत आवाज नव्हता.

परिणामी १९४८ मध्ये ‘असोसिएशन ऑफ इन्कॉर्पोरेटेड स्टॅटिस्टिशियन्स’ ही वेगळी संस्था स्थापन झाली. ‘इन्कॉर्पोरेटेड’ हा शब्द तेव्हा लेखापालांच्या जगात चांगलाच रुळलेला होता, आणि नव्या संस्थेची दृष्टीही विद्वत्सभेपेक्षा त्या जगाकडेच अधिक होती. तिने परीक्षा सुरू केल्या, सभासदांच्या पायऱ्या ठरवल्या आणि १९५० पासून स्वतःचे नियतकालिक काढले. पुढे संस्थेचे नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ स्टॅटिस्टिशियन्स’ झाले. कारखान्यातील, नगरपालिकेतील किंवा बाजारपेठ-संशोधनातील कर्मचाऱ्याने संध्याकाळी अभ्यास करावा, टप्प्याटप्प्याने परीक्षा द्याव्यात आणि पदवी नसतानाही व्यावसायिक म्हणून ओळख मिळवावी, हा या परीक्षांचा मार्ग होता. त्या परदेशातील केंद्रांवरही घेतल्या जात. अखेरच्या स्वरूपात त्यांचे तीन टप्पे होते: सामान्य प्रमाणपत्र, उच्च प्रमाणपत्र आणि पदवी-पदविका, पैकी शेवटची ब्रिटिश विद्यापीठातील ऑनर्स पदवीच्या तोडीची मानली जाई. एकाच देशात एकाच विषयाच्या दोन संस्था, एक विद्येची आणि एक व्यवसायाची, अशी ही विभागणी ४५ वर्षे टिकली. अनेकजण दोन्हींचे सभासद होते, आणि त्यांना दोन वर्गण्या भरण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न दर वर्षी पडत असे.

ती विभागणी १९९३ मध्ये संपली. दोन्ही संस्था एकत्र आल्या आणि रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी ही विद्वत्सभा व व्यावसायिक संस्था अशी दुहेरी झाली. फेलो होण्यासाठी पूर्वीप्रमाणेच केवळ विषयाची आस्था पुरेशी राहिली. मात्र त्याबरोबर ‘चार्टर्ड स्टॅटिस्टिशियन’ म्हणजे सनदी संख्याशास्त्रज्ञ हा वेगळा दर्जा निर्माण झाला. त्यासाठी सोसायटीला मान्य असलेली पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता, काही वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, त्या कामाची साक्ष देणाऱ्या जाणकारांची पत्रे आणि आचारसंहितेचे पालन या गोष्टी लागतात, आणि दर्जा मिळाल्यावरही ज्ञान अद्ययावत ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो. नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ‘ग्रॅज्युएट स्टॅटिस्टिशियन’ अशी आधीची पायरी ठेवण्यात आली.

एकत्रीकरणानंतर परीक्षांचा वारसाही सोसायटीकडे आला, परंतु त्यांचे सामाजिक कारण हळूहळू नाहीसे होत होते. विद्यापीठे वाढली, संख्याशास्त्राच्या पदव्या सर्वत्र मिळू लागल्या आणि पदवीवाचून या व्यवसायात येणारा माणूस दुर्मीळ झाला. सोसायटीने २०१७ मध्ये आपल्या परीक्षा बंद केल्या. ज्या परीक्षेसाठी १९४८ ची संस्था मुळात जन्माला आली, ती परीक्षा अशा रीतीने गेली आणि तिच्यातून उगवलेला दर्जा तेवढा उरला. हा बदल तर्काला धरून होता, तरी त्याने एक दार बंद केले. संध्याकाळी अभ्यास करून वर येणाऱ्या कारकुनाला जे मोजमाप स्वतःच्या बळावर देता येई, त्याच्या जागी आता विद्यापीठाची फी आणि वरिष्ठांचे शिफारसपत्र आले.

इतर इंग्रजी-भाषक देशांतील हकिकत थोडक्यात सांगता येते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन ही बॉस्टनमध्ये १८३९ मध्ये स्थापन झालेली संस्था मान्यतेचा प्रश्न अनेक दशके चर्चेत घेत राहिली आणि बाजूला ठेवत राहिली. विषय इतका विस्तीर्ण आहे की त्याची एक कसोटी ठरवणे अशक्य; प्रमाणपत्र नसलेल्या चांगल्या माणसाची रोजी जाईल; शिवाय प्रमाणपत्रधारकाच्या चुकीची जबाबदारी संस्थेवर येईल, अशा हरकती तेथे घेतल्या जात. कॅनडाच्या संस्थेने २००४ मध्ये आपली मान्यता सुरू केली, ऑस्ट्रेलियात ‘ॲक्रेडिटेड स्टॅटिस्टिशियन’ हा दर्जा रूढ झाला, आणि शेवटी २०१० मध्ये अमेरिकी संस्थेनेही स्वेच्छेने घ्यावयाची मान्यता स्वीकारली. या तिन्ही ठिकाणी लेखी परीक्षेऐवजी कामाचे नमुने तपासण्यावर भर राहिला, कारण गणित चांगले येणारा माणूस कापूस-गिरणीतील किंवा रुग्णालयातील खरा प्रश्न ओळखू शकेलच असे नाही, हे एव्हाना सर्वांच्या ध्यानात आले होते.

मान्यतेची गरज वकिली युक्तिवादापेक्षा अधिक ठळकपणे दाखवून देणारी एक घटना इंग्लंडमधील न्यायालयातच घडली. दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल त्यांच्या आईवर १९९९ मध्ये खुनाचा खटला चालला. अशा कुटुंबात पाळण्यातील अकस्मात मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक आहे, म्हणून दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता या संख्येचा वर्ग करून सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक येते, असे एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले. हा गुणाकार तेव्हाच वैध ठरतो, जेव्हा एका मृत्यूचा दुसऱ्याशी काहीही संबंध नसतो. पण एकाच घरातील भावंडांची आनुवंशिकता आणि परिस्थिती सारखी असल्यामुळे तसे मानण्यास आधार नव्हता. शिवाय ही संख्या अगदी बरोबर असती, तरी ती आई निर्दोष असण्याची शक्यता ठरली नसती, कारण दोन खून हीदेखील अत्यंत दुर्मीळ घटना आहे आणि तुलना त्या दोन दुर्मीळ गोष्टींमध्ये व्हायला हवी होती. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये याविरुद्ध जाहीर निवेदन काढले, आणि पुढच्या वर्षी तिचे अध्यक्ष पीटर ग्रीन यांनी लॉर्ड चान्सलरना पत्र लिहून, संख्याशास्त्रीय पुरावा योग्य पात्रता असलेल्या तज्ज्ञानेच मांडावा अशी मागणी केली. शिक्षा २००३ मध्ये रद्द झाली. साक्षीदार वैद्यकशास्त्रात नोंदणीकृत होता आणि त्याच्या वैद्यकीय पात्रतेबद्दल कोणालाही प्रश्न पडला नव्हता. तो ज्या विषयात बोलत होता त्या विषयाचीही पात्रता असते, हे न्यायालयाला सुचले नाही.

औषधांच्या क्षेत्राने याहून लवकर आणि शांतपणे पाऊल उचलले होते. औषध-नियमनाच्या आंतरराष्ट्रीय समन्वय परिषदेने १९९८ मध्ये चिकित्सालयीन चाचण्यांच्या, म्हणजे माणसांवरील औषध-चाचण्यांच्या, संख्याशास्त्रीय तत्त्वांची मार्गदर्शिका स्वीकारली आणि चाचणीतील सर्व संख्याशास्त्रीय कामाची जबाबदारी योग्य शिक्षण व अनुभव असलेल्या संख्याशास्त्रज्ञावर असावी असे नमूद केले. योग्य म्हणजे काय, हे मात्र तिने कोणत्याही दर्जाचे नाव घेऊन सांगितले नाही. या चाचण्यांच्या विश्लेषणाचे बरेच काम आता पुणे आणि मुंबईतील कंपन्यांमध्येही होते.

भारतात आरंभ अगदी वेगळ्या टोकाने झाला. लंडनमध्ये आधी संस्था, मग विद्यापीठीय विषय आणि सर्वांत शेवटी दर्जा असा क्रम होता. कलकत्त्यात परीक्षेचे प्रमाणपत्र विद्यापीठाच्या पदवीहून जुने आहे. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातील आपल्या प्रयोगशाळेतून डिसेंबर १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभारली, १९३३ मध्ये ‘संख्या’ हे नियतकालिक काढले आणि १९३८ मध्ये फिशर यांच्या अध्यक्षतेखाली पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरवली. बंगालमधील ताग-पाहणीसाठी त्यांना गावोगाव जाणारे अन्वेषक आणि गणनयंत्रावर हिशोब करणारे कर्मचारी शेकड्याने लागत होते, आणि त्यांना शिकवणारे एकही विद्यापीठ नव्हते. म्हणून संस्थेने स्वतःच प्रशिक्षण द्यायला आणि परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तिच्या संख्याशास्त्रज्ञ-पदविकेला सरकारी भरतीत मान होता, आणि हिशोबनिसांसाठीही वेगळे प्रमाणपत्र होते. कलकत्ता विद्यापीठात एम. ए.चा अभ्यासक्रम १९४१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची धुराही महालनोबीस यांच्याकडेच होती, आणि पहिल्या तुकडीत पुढे नामवंत संख्याशास्त्रज्ञ झालेले सी. आर. राव होते.

महाराष्ट्रातून या क्षेत्रात आलेल्या पिढीची वाट शेतीतून गेली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि ईगन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले आणि दिल्लीला भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेचे प्रमुख झाले. तोवर पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे, म्हणजे सर्वसाधारण पीक सोळा आणे धरून यंदाचे पीक किती आणे आहे हे महसुली अधिकारी नजरेने ठरवीत. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी त्याऐवजी पीककापणी प्रयोगांची पद्धत रुजवली. यदृच्छ रीतीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीवाचून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, गाव, शेत आणि शेतातील तुकडा निवडायचा, त्या तुकड्यातील पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून जिल्ह्याचा उतारा काढायचा, असे तिचे स्वरूप आहे. या दोघांनी १९५४ मध्ये लिहिलेला शेती-संशोधकांसाठीचा संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला.

या पद्धतीवरून कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात जो वाद पेटला, तो वरवर तुकड्याच्या आकारमानाचा होता. महालनोबीस लहान वर्तुळाकार तुकडे कापत; सुखात्मे यांचे म्हणणे असे की, तुकडा लहान असला की कापणाऱ्याचा हात नकळत सीमेवरची रोपेही आत घेतो आणि उतारा फुगतो. पण खाली आणखी एक मतभेद होता. महालनोबीस यांना ही कामगिरी आपल्याच संस्थेने घडवलेल्या स्वतंत्र पथकाकडे हवी होती, तर सुखात्मे यांना महसूल आणि शेती खात्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनाच थोडे शिकवून त्यांच्याकडून ती करून घेणे व्यवहार्य वाटत होते. संख्याशास्त्रीय काम हा वेगळा पेशा आहे की प्रशासनाच्या अनेक कामांपैकी एक, हाच तो प्रश्न होता. खर्चाच्या आणि राज्यभर पोचण्याच्या दृष्टीने सुखात्मे यांची बाजू जिंकली, आणि ती जिंकणे अटळही होते; तिची एक किंमत अशी की, आकडा घेणाऱ्याच्या पात्रतेचा विषय भारतात तेव्हापासून खात्यांतर्गत शिस्तीचा विषय बनला.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे वेगाने पुढे आली. मुंबई विद्यापीठात १९४८ मध्ये आणि पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये संख्याशास्त्राचे विभाग निघाले. पुण्याच्या विभागाचे पहिले प्रमुख कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे केंब्रिजला गणिती हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकले होते. संसदेने १९५९ मध्ये कायदा करून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले आणि पदव्या देण्याचा अधिकार दिला. हा तिचा गौरव होता, पण त्याने तिची दिशाही ठरून गेली: जी संस्था व्यवसायाची परीक्षा घेत होती, ती आता पदवी देणारी संस्था झाली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, भारतीय सांख्यिकी सेवा स्थापन झाली आणि केंद्र सरकारातील संख्याशास्त्रज्ञाची निवड लोकसेवा आयोगाकडे गेली. पदवी विद्यापीठाची आणि पद सरकारचे, अशी वाटणी एकदा झाल्यावर या दोहोंच्या मधे उभी राहून व्यावसायिकाची ग्वाही देणाऱ्या संस्थेला जागा उरली नाही. कलकत्ता स्टॅटिस्टिकल असोसिएशन १९४५ मध्ये आणि राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स १९४७ मध्ये निघाली होती, परंतु या विद्वत्सभाच राहिल्या; त्यांनी परिषदा भरवल्या आणि नियतकालिके चालवली. लेखापालांसाठी मात्र १९४९ चा कायदा, वकिलांसाठी १९६१ चा आणि विमागणितींसाठी २००६ चा कायदा झाला. यांतील शेवटचा व्यवसाय संख्याशास्त्राचाच धाकटा भाऊ आहे आणि भारतात त्याची संस्थाही १९४४ चीच आहे, ही बाब येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

सरकारी नोकरीने दिलेली पात्रता नोकरीपुरतीच असते, असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो रास्त आहे. सेवेत असताना वरिष्ठाने आकडा बदलण्यास सांगितले, तर ब्रिटनमधील सनदी संख्याशास्त्रज्ञ आपल्या आचारसंहितेकडे बोट दाखवू शकतो. भारतीय अधिकाऱ्याजवळ सेवानियम आणि स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी एवढेच असते. आचारसंहितेने ब्रिटनमध्ये असे प्रसंग नेहमी निभावले गेले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, तरी बोट दाखवण्यासाठी काही असणे आणि नसणे यांत फरक आहे. दरम्यान ब्रिटनमध्ये प्रश्नाने पुन्हा कूस बदलली असून, विदाविज्ञान म्हणजे डेटा सायन्स या नव्या नावाखाली काम करणाऱ्यांसाठी सोसायटीने २०२१ मध्ये संगणकशास्त्र, उपयोजित गणित आणि अभियांत्रिकी यांच्या संस्थांशी हातमिळवणी करून सामाईक निकष आखले. एकेकाळी परीक्षा घेण्यास नकार देणारी संस्था आता पात्रतेचा अधिकार दुसऱ्या व्यवसायांबरोबर वाटून घेत आहे.

महाराष्ट्रात या इतिहासाची दोन टोके एकाच योजनेत शेजारी शेजारी दिसतात. खरीप २०१६ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा कंपनी जो हप्त्याचा दर ठरवते, त्यामागे कायद्याने नोंदलेला, संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि चुकल्यास संस्थेला जबाबदार असलेला नियुक्त विमागणिती असतो. भरपाई द्यावयाची की नाही, हे ज्या उताऱ्यावरून ठरते तो आकडा मात्र मुख्यतः तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी आपल्या इतर कामांच्या गर्दीत घेतलेल्या पीककापणी प्रयोगांतून येतो. प्रयोगाच्या नमुना-पत्रकावर त्यांच्या आणि उपस्थित शेतकऱ्यांच्या सह्या असतात, संख्याशास्त्रज्ञाच्या सहीसाठी त्यावर रकाना नसतो.